दोन टॉपर निवडले म्हणजे क्विझ टीम झाली? चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांनी टीम घडवायची कशी

आधी हे दोन प्रश्न वाचा.

पहिला : महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान कोणतं?

दुसरा : एका गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, अशी गोंड लोकांमध्ये कथा आहे. पुढे तो देव मानला गेला आणि तलावाकाठी त्याचं ठाणं झालं. १९५५ मध्ये त्या तलावाभोवतीच्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा नावही त्याच देवाचं राहिलं. कोणतं उद्यान?

दोन्हींचं उत्तर एकच, ताडोबा. पण पहिला प्रश्न गाइडमधला आहे. पाठ असेल तर येतो, नसेल तर विषय संपला. दुसरा प्रश्न ऐकताना पोरगं डोकं चालवतं. गोंड, वाघ, तलाव असे धागे जुळत जातात आणि १९५५ हे साल माहीत नसतानाही उत्तर सापडतं. आजकाल बऱ्या स्पर्धांमध्ये दुसऱ्या जातीचे प्रश्न जास्त असतात. आपल्याकडच्या बहुतेक शाळा मात्र तयारी पहिल्या जातीची करून घेतात. अडचण नेमकी इथे होते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांमधून प्रश्नमंजूषेला टीम पाठवायची तर नागपूरच्या मोठ्या इंग्रजी शाळांशी गाठ पडते, हे गृहीत धरूनच चालावं लागतं. तिथे लायब्ररी आहे, क्विझ क्लब आहे, घरी वायफाय आहे. इथे काय आहे? बरंच काही आहे, पण ते वापरायचं कसं हे कुणी सांगत नाही.

आधी थोडा इतिहास, पटकन

भारतातली पहिली खुली क्विझ १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतली. शाळकरी मुलांपर्यंत हा खेळ पोहोचवला तो बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने. १९७२ पासून आधी हमीद सयानी आणि मग अमीन सयानी यांच्या आवाजात ती रेडिओवर गाजली, १९९२ मध्ये टीव्हीवर आली. दरम्यान १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा क्विझ टाइम सुरू झाला होता. पुढे कौन बनेगा करोडपती आणणारेही हेच बसू. आणि केबीसीचं नाव निघालंच आहे तर, २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे आपल्या विदर्भातल्याच. अंजनगाव सुर्जीच्या शाळेत त्या मुलांसाठी खिचडी शिजवायच्या.

भाग घ्यायचा कुठे?

सगळ्यात जवळची पायरी म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्पर्धा. चंद्रपूर जिल्ह्यात नवरत्न स्पर्धा केंद्रापासून सुरू होऊन जिल्ह्यापर्यंत जातात. त्यात कथाकथन, वादविवाद यांच्या जोडीला बुद्धिमापन आणि स्मरणशक्तीही असते. दुसरी पायरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. १ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह असतो आणि ताडोबाच्या परिसरात त्या काळात शाळांसाठी कार्यक्रम, स्पर्धा होतात. वन्यजीव या एकाच विषयावर देशपातळीवर खेळायचं असेल तर डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाची वाइल्ड विज्डम क्विझ आहे, २००८ पासून चालू असलेली.

सरकारी शाळांनी लक्ष ठेवावी अशी एक स्पर्धा रिझर्व्ह बँकेची. २०२३ मध्ये बँकेने आर्थिक साक्षरतेवरची क्विझ खास सरकारी आणि पालिकांच्या शाळांमधल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी घेतली. दोन जणांची टीम, सुरुवात थेट तालुक्यापासून. खासगी शाळांशी सामनाच नाही, त्यामुळे मैदान बरोबरीचं. खेळांची आवड असणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये फिट इंडिया क्विझ सुरू झाली, तिच्या बक्षिसांची एकूण रक्कम होती ३ कोटी २५ लाख रुपये. अशा स्पर्धा दरवर्षी त्याच तारखेला आणि त्याच नियमांनी होतील असं धरून चालू नका. परिपत्रक आलं की नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे.

टीम निवडताना पहिली चूक होते

नेहमीची पद्धत अशी : परिपत्रक येतं, मुख्याध्यापक विचारतात, "पहिला-दुसरा कोण?" आणि दोन नावं जातात. वर्गात पहिला येणारा मुलगा हुशार असतोच, पण परीक्षेची हुशारी आणि क्विझची हुशारी यांत फरक आहे. परीक्षेत अभ्यासक्रम ठरलेला असतो. क्विझमध्ये कुंपण नसतं.

त्यापेक्षा एक साधी चाचणी करून बघा. सहावी ते नववीच्या सगळ्या मुलांना ४० प्रश्न द्या. त्यातले दहा तरी असे असू द्या की ज्यांचं उत्तर पाठ नसलं तरी विचार करून काढता येईल. पेपर तपासा, मार्क सांगा, पण बरोबर उत्तरं सांगू नका. आठ दिवसांनी, न सांगता, तोच पेपर परत द्या. आता पहिल्या पेपरातले मार्क विसरा. बघायचं एवढंच की चुकलेल्या प्रश्नांची उत्तरं या आठ दिवसांत कुणी शोधून काढली. कुणी सरांना विचारलं, कुणी भावाचा मोबाईल घेतला, कुणी जुन्या पेपरात शोधलं. ज्याला न आलेलं उत्तर स्वस्थ बसू देत नाही, ते पोरगं टीममध्ये हवं. ते वर्गात सातवं असेल तरी चालेल.

२०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं, ते मिशन शौर्य आठवत असेल. तिथेही मार्कांची यादी बघून दोर हातात दिला नव्हता. मोठा गट घेतला, टप्प्याटप्प्याने चाळला, प्रत्येक टप्प्यावर शिकवलं. क्विझला बर्फ नाही, पण चाळणी तशीच लागते. म्हणून सुरुवातीला टीम करूच नका. पंधरा जणांचा गट करा. स्पर्धेला जागा दोन असोत की चार, सराव पंधरा जणांचा चालला पाहिजे.

शेवटची जोडी ठरवताना दोघांचे विषय वेगळे असावेत. एकाला विज्ञान आणि गणित, तर दुसऱ्याला इतिहास, भूगोल, राज्यघटना. खेळ, सिनेमा, पुस्तकं आणि चालू घडामोडी वाटून घ्यायच्या. दोघंही विज्ञानाचे पक्के असतील तर एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आणि पुढच्या तीन प्रश्नांना शांतता. आणि शक्यतो दोघंही दहावीचे नकोत. एक आठवीचा असला तर पुढच्या वर्षी शाळेकडे अनुभवी खेळाडू उरतो.

परिपाठातच क्लब दडलेला आहे

वेळ कुठून आणायचा? हा शिक्षकांचा पहिला प्रश्न आणि तो खरा आहे. चार वर्गांना दोन शिक्षक असलेल्या शाळेत वेगळा तास काढा म्हणणं सोपं आहे.

पण परिपाठ रोज होतो. सुविचार, दिनविशेष आणि मग सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न. हे प्रश्न एक मूल गाइडमधून वाचतं, उत्तरही तेच वाचतं, बाकीचे उन्हात उभे राहून ऐकतात. इथे एकच बदल करायचा : प्रश्न मुलांनी स्वतः तयार करायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी सांगायचं. मधले चोवीस तास शाळेभर तो प्रश्न फिरतो.

आश्रमशाळांना तर एक फायदा आहे, जो शहरातल्या कुठल्याच शाळेला नाही. मुलं तिथेच राहतात. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं रोज मिळाली तर शंभर दिवसांत तेहतीस तास होतात.

उत्तर दुसऱ्या दिवशी का? कारण आठवायचा प्रयत्न केला की गोष्ट डोक्यात बसते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत चित्र उलटलं, आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे गाइड दहादा वाचून घेण्यापेक्षा पोरांना एकमेकांना प्रश्न विचारू द्या.

गाइडबद्दल अजून एक. घरात मोठ्या भावाचं पोलीस भरतीचं पुस्तक असतं, तेच खाली येतं. वाईट नाही, पण साल बघा. पुस्तक जुनं असेल तर महाराष्ट्रात ३५ जिल्हे निघतील. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ते ३६ आहेत. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, हेही अजून छापलेलं सापडतं. खरं म्हणजे सरकारने कोणताच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. म्हणून गटाचा एक नियम ठेवा : उत्तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय वहीत चढवायचं नाही. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज ही जागा धरायची नाही.

मराठीत भरवशाचं फुकट साहित्य कमी नाही. ई-बालभारतीवर सगळी पाठ्यपुस्तकं आहेत. १९७१ पासून निघणाऱ्या किशोर मासिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर आहे. नेट मिळेल त्या दिवशी शिक्षकाने मोबाईलवर उतरवून ठेवलं की महिनाभराचं काम झालं.

घराशेजारचा धागा ओढा

आता मुख्य गोष्ट. क्विझची माहिती म्हणजे दिल्ली, लंडन, नोबेल आणि ऑस्कर, असा एक समज असतो. त्यामुळे जंगलातल्या गावातलं मूल सुरुवातीलाच स्वतःला मागे समजतं. हा समज तोडणं हेच कोचचं अर्धं काम आहे.

गोंडवाना हा शब्द घ्या. गोंडांचा प्रदेश तो गोंडवाना. याच नावावरून मध्य भारतातल्या खडकांच्या एका मोठ्या गटाला भूगर्भशास्त्रज्ञांनी नाव दिलं. मग ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञ एदुआर्द झ्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवानालँड म्हटलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत हे सगळे कधीकाळी त्या एका खंडाचे तुकडे होते. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा याच गोंडवाना खडकांमधला. तो जाळून चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र चालतं, क्षमता २,९२० मेगावॅट. आणि २०११ मध्ये गडचिरोलीत विद्यापीठ झालं, त्याचं नावही गोंडवाना विद्यापीठ. आता मोजा : समाजशास्त्र, भूगोल, भूगर्भशास्त्र, ऊर्जा, शिक्षण. पाच विषय आणि धागा एकच. तोही मुलाच्या घरातला.

बांबूचंही तसंच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडात धरलं होतं. वनहक्क कायदा २००६ चा, त्याने बांबूला गौण वनोपज मानलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, असे हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. पुढे २०१७ मध्ये वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. ज्या पोराचे वडील बांबू तोडायला जातात त्याला ही गोष्ट एकदा सांगितली की पुरते. नागपूरच्या पोराला ती पाठ करावी लागते.

नद्यांचा धागा तर सरळ नकाशावर बोट ठेवून ओढता येतो. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ भेटतात, पुढे ती प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. त्याच्या खाली तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा आहे, कालेश्वरम प्रकल्पाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले आणि ती देशभरातली बातमी झाली. भूगोलाचा धडा संपतो तिथे चालू घडामोडी सुरू होतात. सिरोंचा तालुक्यातच वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथून पुढे डायनासोरपर्यंत जायला वेळ लागत नाही.

भाषेचं काय?

इथे खरंच अडतं. गडचिरोलीत घरी गोंडी किंवा माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, शाळेत मराठी. आणि स्पर्धेचा प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत येतो. उत्तर माहीत असतं, पण प्रश्नातला शब्द ओळखू येत नाही.

यावर तीन रकान्यांची वही हा उपाय आहे. घरचा शब्द, पुस्तकातला मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द. रानगवा म्हणजे इंग्रजीत गौर, त्यालाच बरेच जण इंडियन बायसन म्हणतात, पण तो बायसन नव्हे. रानकुत्र्याला इंग्रजीत ढोल म्हणतात, वाजवायचा ढोल नाही. मोहाला हिंदीत महुआ. वही मुलांनीच भरायची. घरच्या शब्दांचा रकाना शिक्षकाला कदाचित येणार नाही, आणि त्यात वाईट काहीच नाही. त्या तासाला मूल शिकवेल.

आयोजकांना आधीच फोन करून विचारा की उत्तर मराठीत दिलेलं चालेल का. प्रश्नाचं भाषांतर मिळेल का, हेही विचारा. हे विचारायला लाजू नये.

बझरचा हिशेब

मंचावर हरणाऱ्या टीमला बऱ्याचदा उत्तर माहीत असतं. बझर उशिरा दाबलेला असतो, किंवा फार लवकर.

समजा बरोबर उत्तराला १० गुण आणि चुकीला उणे ५. तीन वेळा बझर दाबला आणि एकदाच बरोबर आलं, तर १० मिळाले आणि १० गेले. हिशेब शून्य. म्हणजे तीनपैकी एकदा तरी बरोबर येईल इतकी खात्री असेल तर दाबायला हरकत नाही, त्याहून कमी असेल तर हात मागे. चुकीला उणे १० असतील तर निम्मी खात्री हवी. शेवटच्या तीन प्रश्नांत तुम्ही वीस गुणांनी पुढे असाल तर धोका घेऊ नका. तीस गुणांनी मागे असाल तर गप्प बसून काहीच मिळणार नाही, दाबा. हे गणित पाचवीच्या मुलालाही कळतं, फक्त फळ्यावर एकदा मांडावं लागतं.

अमेरिकेतल्या शालेय क्विझमध्ये प्रश्न मुद्दाम अवघड सुगाव्यापासून सोप्याकडे येतो, आणि लवकर ओळखणाऱ्याला जास्त गुण मिळतात. सरावासाठी ही पद्धत फार चांगली. ताडोबाचा दुसरा प्रश्न पुन्हा वाचा, तो तसाच आहे.

बझर विकत घ्यायची गरज नाही. स्टीलचं ताट आणि चमचा पुरतो. ज्याचा चमचा आधी वाजला तो आधी. हो, आणि एक शिस्त : उत्तर एकानेच द्यायचं. दोघांची कुजबूज चालू असताना तिसऱ्याच टीमला ऐकू जाणं ही मंचावरची नेहमीची फजिती आहे.

नेट आणि रस्ता

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास चार गोवा. सिरोंचाहून जिल्ह्याच्या गावी यायचं तर सुमारे २०० किलोमीटर. सकाळी दहाची स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी निघावंच लागतं. मग मुक्काम कुठे, सोबत कोण, खर्च कुणाचा? मुलगी टीममध्ये असेल तर सोबत शिक्षिका हवी आणि घरच्यांशी पंधरा दिवस आधी बोलणं हवं. हे ठरलं नाही तर सगळ्यात आधी मुलीचं नाव गळतं आणि तिच्या जागी "जाऊ शकेल असा" कुणीतरी पाठवला जातो. वर्षभराचा सराव एका संध्याकाळी वाया. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हेही नवं नाही. जुलै-ऑगस्टच्या स्पर्धेला राखीव जोडी तयार ठेवावी.

पहिली फेरी ऑनलाइन असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागेवरून, त्याच मोबाईलवर लॉगिन करून बघा. रेंज जिथे येते ती जागा आधी शोधून ठेवा. नोंदणीत मुलाचं नाव दाखल्यावर आहे तसंच लिहा.

जे निवडले गेले नाहीत त्यांचं काय?

पंधरापैकी तेरा जण स्पर्धेला जाणार नाहीत. त्यांनी एवढा सराव का करायचा?

आठवीतल्या मुलांसाठी याचं उत्तर पैशांत देता येतं. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधली मुलं परीक्षेला बसू शकतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. पेपर दोन, दोन्ही ९० प्रश्नांचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा शालेय विषयांचा. त्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. क्विझच्या गटात वर्षभर जे चालतं त्याचा बराच भाग हाच आहे. दहावीआधी शाळा सुटण्याची भीती असलेल्या घरात महिन्याचे हजार रुपये करंडकापेक्षा मोठे असतात. शाळेने क्विझचा गट आणि एनएमएमएसचा वर्ग वेगळे ठेवण्याचं काही कारण नाही.

मात्र एकलव्य निवासी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही, हे अर्ज भरण्याआधी बघून घ्या.

आणि स्पर्धा झाल्यावरचं एक काम. परतीच्या बसमध्ये, डोक्यात ताजं असतानाच, विचारलेले सगळे प्रश्न आठवून वहीत उतरवायचे. आपल्याला आलेले, न आलेले, दुसऱ्या टीमने मारलेले, सगळे. दोघांना मिळून चाळीस-पन्नास तरी आठवतात. सोमवारच्या परिपाठात त्यातला पहिला प्रश्न विचारायचा, उत्तर मंगळवारी.